सव्वानऊ लाखांचा छोटा ग्रँड पियानो घ्यावा का?

प्रश्न थोडक्यात असा : माहीमचं दोन पगारांचं घर. महिन्याला हातात १,८५,००० येतात. घरकर्जाचा हप्ता ६२,०००, शाळेच्या फीसकट घरखर्च ७०,०००, म्युच्युअल फंडाच्या एसआयपीत २५,००० आणि उरतात २८,०००. बँकेत ११ लाखांची मुदत ठेव आहे. १४ वर्षांच्या लेकीने डिजिटल पियानोवर वादनाच्या परीक्षेची सहावी ग्रेड दिली आणि शिक्षक म्हणाले, आता खरा पियानो हवा. तीन ठिकाणचे भाव मिळाले : नवा १५१ सेंटिमीटर लांबीचा ग्रँड (आडव्या तारांचा पियानो) ९,२५,०००, जुना पण दुरुस्त केलेला १७३ सेंटिमीटरचा ग्रँड ८,४०,००० आणि जुना १३१ सेंटिमीटर उंचीचा अपराइट (उभ्या पेटीचा पियानो) ३,६०,०००. ठेवीतून तीन लाख काढून आणि बाकीचं वैयक्तिक कर्ज करून नवा ग्रँड घ्यायचा विचार आहे.

ताई, आधी ठेवीबद्दल बोलू. ते ११ लाख पूर्ण मोकळे नाहीत. हप्ता आणि घरखर्च मिळून महिन्याला १,३२,००० लागतात. सहा महिन्यांचे ७,९२,००० बाजूला ठेवायलाच हवेत, कारण एक पगार थांबला तरी घरकर्जाचा हप्ता थांबत नाही. म्हणजे पियानोसाठी मोकळे आहेत फक्त ३,०८,०००. तुम्ही तीनच लाख काढायचं ठरवलंत, हे योग्य केलंत. ठेवीवर ओव्हरड्राफ्ट घेतला तर तो वैयक्तिक कर्जापेक्षा स्वस्त पडेल, पण मग अडीअडचणीची तीच रक्कम तारण म्हणून अडकेल. त्या वाटेला जाऊ नका.

उरलेल्या ६,२५,००० चं कर्ज तुमच्या बँकेने सांगितलेल्या १३ टक्क्यांनी चार वर्षांसाठी घेतलंत तर हप्ता सुमारे १६,७७० बसतो आणि व्याजापोटी जवळपास १,८०,००० जातात. म्हणजे नवा ग्रँड ९,२५,००० चा नाही, ११,०५,००० चा पडतो. हप्ता फिटेल तेव्हा लेक १८ वर्षांची असेल, कदाचित दुसऱ्या शहरात शिकायला निघालेली.

एवढं देऊन सूर चांगला मिळणार असता तर मी वेगळं बोलले असते. अडचण तिथेच आहे. पियानोत लांबीचे पैसे मोजायचे ते खर्जासाठी, आणि १५१ सेंटिमीटरमध्ये खर्जच सर्वांत कच्चा असतो.

कारण साधं आहे. सगळ्यात वरच्या सा-ची, म्हणजे ८८ व्या पट्टीची तार जेमतेम ५ सेंटिमीटर असते. जाडी आणि ताण तेवढेच ठेवून एक सप्तक खाली यायचं तर तार दुप्पट लांब हवी. सात सप्तकं खाली येईपर्यंत ती ६ मीटर ४० सेंटिमीटर होईल. इतका लांब पियानो कोणी बांधत नाही, म्हणून खालच्या तारांवर तांब्याचं वेटोळं चढवून त्या जड करतात. पियानो जितका आखूड, तितकी तार जाड आणि ताठ. ताठ तार कांबीसारखी वागते : तिच्या मूळ सुरावर उमटणारे उपस्वर नेमक्या दुपटी-तिपटीवर न बसता थोडे चढे लागतात. कानाला हे ‘बेसूर’ असं वाटत नाही, पण सूर धूसर वाटतो, पत्र्यासारखा वाजतो, नेमका कोणता आहे ते पटकन कळत नाही. ट्यूनर वरची सप्तकं थोडी ताणून हा दोष झाकतो. तो झाकतो, काढू शकत नाही.

दुसरं कारण साउंडबोर्डचं, म्हणजे तारांचा सूर हवेत पसरवणाऱ्या लाकडी फळीचं. लहान भोपळ्याच्या तंबोऱ्याला जशी भरदार आस येत नाही, तसंच इथे. सर्वांत खालचा सूर सेकंदाला २७.५ कंपनांचा असतो. लहान फळी तो मूळ सूर हवेत जवळपास टाकतच नाही. आपला कान वरच्या उपस्वरांवरून खालच्या सुराचा अंदाज बांधतो आणि ते उपस्वरच चढे असले की अंदाजही डळमळतो.

तिसरी जागा बहुतेक जण तपासत नाहीत. साध्या पोलादी तारा संपून वेटोळ्याच्या तारा सुरू होतात तो सांधा. आखूड पियानोत तिथल्या शेवटच्या साध्या तारा हव्या त्यापेक्षा आखूड आणि ढिल्या असतात, त्यामुळे दोन शेजारच्या पट्ट्या दोन वेगळ्या वाद्यांच्या वाटतात. डावा हात बरोबर याच भागात सर्वांत जास्त वाजतो. पावसाळ्यात सूर आधी सुटतो तोही इथेच.

आता १३१ सेंटिमीटरच्या अपराइटचं पाहा. त्याच्या खर्जाच्या तारा पेटीत तिरक्या, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ताणलेल्या असतात. १५१ च्या ग्रँडमध्ये लांबीचा बराच भाग पट्ट्या आणि तारांवर आपटणाऱ्या हातोड्यांच्या यंत्रणेत जातो. त्यामुळे उंच अपराइटची खर्जाची तार त्याच्या जवळपास तितकीच, कधी थोडी जास्तच लांब भरते. माझ्या शब्दावर राहू नका, मोजपट्टी घेऊन जा. अपराइटची खालची फळी आतल्या स्प्रिंगच्या पट्टीवर असते, ती विक्रेत्याकडून उघडून घ्या. दोन्ही वाद्यांत सर्वांत खालच्या सुराची मोकळी तार, म्हणजे वरच्या टेकूपासून ब्रिजवरच्या (साउंडबोर्डवर तारा टेकतात त्या लाकडी घोडीवरच्या) खिळ्यापर्यंतची लांबी, मोजा. छापील लांबी पट्ट्यांच्या पुढच्या कडेपासून शेपटीपर्यंतची असते. ती तारेची नसते.

मग ग्रँडमध्ये काहीच नाही का? आहे, आणि तो फायदा खरा आहे. ग्रँडची हातोडी स्वतःच्या वजनाने खाली येते आणि पट्टी अर्धी वर आली तरी तोच सूर पुन्हा वाजतो. ही दुहेरी सुटकेची रचना पियानो बनवणाऱ्या एरार यांनी १८२१ मध्ये पेटंट केली, आजच्या ग्रँडची यंत्रणा तिच्यावरच उभी आहे. अपराइटमध्ये हातोडी आडवी हलते, मागे येण्यासाठी स्प्रिंग आणि फीत लागते, पट्टी जवळजवळ पूर्ण वर यावी लागते. आठव्या ग्रेडच्या पुढे जलद पुनरावृत्ती आणि ट्रिलमध्ये (दोन शेजारचे सूर भरभर आलटून-पालटून वाजवताना) हा फरक बोटांना जाणवतो. डावा पेडलही वेगळा : ग्रँडमध्ये सगळी यंत्रणा बाजूला सरकून सुराचा रंग बदलतो, अपराइटमध्ये हातोड्या फक्त तारांजवळ येतात. पण हे सगळं १७३ मध्येही मिळतं. शिवाय छोट्या ग्रँडमध्ये पट्टीची आतली काठीही आखूड असते, त्यामुळे काळ्या पट्ट्यांमध्ये, आत खोल वाजवताना ती जड लागते.

लांबी वाढली की किती फरक पडतो? सगळीकडे सारखा नाही. यामाहाच्या क्रमात १५१ नंतर १६१, १७३, १८६, २०० आणि २१२ सेंटिमीटर येतात, मैफलीचा २७५ चा. १५१ वरून १७३ ला जाताना खर्ज आणि तो सांधा, दोन्ही कानाला स्पष्ट सुधारलेले लागतात. माझ्या मते घरासाठी पैसे वसूल होतात ते याच टप्प्यावर. १८६ च्या पुढे तुमच्या ११ × १४ फुटांच्या हॉलमध्ये वाढीव पैसे भिंती खातात. सर्वांत खालच्या सुराची लहर साडेबारा मीटर लांब असते, खोली सव्वाचार मीटरची. मोठा पियानो तिथे झाकण बंद ठेवूनच वाजवावा लागेल. मधल्या आणि वरच्या सप्तकांत तर लांबीपेक्षा हातोडीचं फेल्ट, ट्यूनिंग आणि बांधणी जास्त बोलतात. चांगला राखलेला छोटा पियानो तिथे दुर्लक्षित मोठ्याला मागे टाकतो.

दुकानात तुलना करताना दोन्ही वाद्यं त्याच आठवड्यात ट्यून केलेली आहेत ना, ते विचारा आणि झाकण सारखंच उघडा. लेकीला तिचा पाठ लगेच वाजवू देऊ नका, त्यात दोष लपतात. खालच्या दीड सप्तकातल्या पट्ट्या एकेक, हलक्या हाताने वाजवा आणि तोच सूर गुणगुणून पाहा. गुणगुणता आला नाही तर खर्ज धूसर आहे. मग खालून मधल्या सा-पर्यंत एकही पट्टी न सोडता सारख्या जोराने चढा आणि सूर कुठे रंग बदलतो ते ऐका. मोबाइलवर रेकॉर्ड करून घरी ठरवू नका, मोबाइलला खालचे सूर ऐकूच येत नाहीत.

मुंबईच्या हवेचा खर्च तुमच्या हिशेबात नाही. पावसाळ्यात साउंडबोर्डचं लाकूड फुगतं, ब्रिज तारांना वर ढकलतो आणि मधली सप्तकं चढतात. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की तीच उतरतात. फेल्ट फुगून पट्ट्या अडकतात, माहीमच्या खाऱ्या हवेत तारांना गंज चढतो. आर्द्रता ४५ ते ६० टक्क्यांत राखायला हवी. सिलिका जेलच्या पुड्या दोन-चार दिवसांत भरून जातात, त्यांच्यावर विसंबू नका. डिह्युमिडिफायर ३५० वॉटचा, रोज १० तास, चार महिने धरला तर ४२० युनिट होतात. युनिटला १० रुपये धरले तर ४,२००. अपराइट बंद पेटी असल्याने आत आर्द्रतेवर चालू-बंद होणारी हीटरची कांडी बसवली की ती चांगलं काम करते. ग्रँड खालून उघडा, तिथे तिचा परिणाम कमी. वर्षाला तीन ट्यूनिंग धरा : जुलैअखेर, नोव्हेंबरअखेर आणि मार्चमध्ये. तुमच्या ट्यूनरच्या ४,००० च्या दराने १२,०००.

ग्रँड वर चढवणं हा वेगळाच विषय. १५१ चा यामाहा सुमारे २६१ किलोचा. पाय आणि पेडलचा दांडा काढून सरळ बाजूवर उभा करून फळीला बांधतात, पण सोसायटीच्या लिफ्टमध्ये तो मावत नाही. जिन्याच्या वळणाची रुंदी मोजा. क्रेन लागली तर ग्रिल काढायची आणि सोसायटीची एनओसी, दोन्ही आधी. आरसीसी इमारतीत वजनाची भीती नाही, पायांखाली रुंद वाट्या ठेवल्या की पुरे. लाकडी तुळयांची जुनी इमारत असेल तर मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

तर माझा सल्ला : आत्ता १३१ चा अपराइट घ्या. ३,६०,००० अधिक चढवणावळ १५,००० आणि डिह्युमिडिफायर २०,००० धरले तर ३,९५,०००. ठेवीतून ३,०५,००० काढा, उरलेले ९०,००० चार महिन्यांच्या बचतीतून जमतील. तोवर डिजिटल आहेच. कर्ज शून्य. पाचव्या महिन्यापासून १८,००० ची आवर्ती ठेव लावा. साडेसहा टक्क्यांनी ३६ महिन्यांत करापूर्वी सुमारे ७,१५,००० होतात. अपराइट तेव्हा ६० टक्क्यांना विकला गेला असं धरलं तर आणखी २,१६,०००. लेक तेव्हाही मनापासून वाजवत असेल, तर १७३ चा ग्रँड एक रुपया कर्ज न काढता येईल. नसेल वाजवत, तर ते पैसे तिच्या शिक्षणाचे. परीक्षेआधीच्या महिन्यात ग्रँड असलेल्या स्टुडिओत तासाच्या भाड्याने सराव करू द्या, यंत्रणेची सवय त्यातून लागते.

एका परिस्थितीत मी उत्तर बदलेन : येत्या दोन वर्षांत ती परदेशी संगीत महाविद्यालयाच्या ऑडिशनची तयारी खरोखर करणार असेल. मग १७३ चा जुना घ्या, ५,४०,००० च्या कर्जावर हप्ता साधारण १४,५०० बसेल आणि हाताशी १३,५०० राहतील. नवा १५१ चा मात्र कुठल्याच हिशेबात बसत नाही.

जुनं वाद्य घेताना विक्रेत्याचा नाही, तुमचा ट्यूनर न्या आणि त्याची फी द्या. सिरियल नंबरवरून बनावटीचं वर्ष कळतं. खुंट्या किल्लीने फिरवताना घट्ट लागायला हव्यात. सैल लागल्या तर खुंट्यांची लाकडी फळी गेलेली आहे आणि तो पियानो कितीही ट्यून केला तरी सूर धरणार नाही. साउंडबोर्डवरची चीर नेहमीच घातक नसते, पण फळीमागचा आधाराचा लाकडी दांडा सुटून खरखरत असेल तर घातक. ब्रिजवर खिळ्यांभोवती तडा, तारांवर गंज, हातोड्यांवर खोल चरे, यांतलं काही दिसलं तर दुरुस्तीचा लेखी अंदाज घेऊन तो किमतीतून वजा करा.

आणि बयाणा देण्यापूर्वी विक्रेत्याकडून तीन गोष्टी बिलावर लिहून घ्या : भाव जीएसटीसकट आहे का, घरी आल्यावर दोन-तीन आठवड्यांनी होणारं पहिलं ट्यूनिंग त्यात धरलं आहे का, आणि तीन वर्षांत ग्रँड घेतल्यास हा अपराइट किती रुपयांना परत घेतील.