फॉर्मवरच्या सह्या

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. एनडीएची, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, लेखी परीक्षा पास झालीस, त्याचे पेढे तुझ्या आजोबांकडून वसूल करीनच. गेल्या वर्षी, म्हणजे ३० मे २०२५ ला, खडकवासल्यातून पहिल्या १७ मुली पास आउट झाल्या तेव्हा मी टीव्हीसमोरून उठलो नव्हतो. आता आपल्या गल्लीतली पोर त्या रांगेत लागतेय.

सोबत हवाई दलातल्या ग्रुप कॅप्टन दिलीप परुळकरांवरचा निबंध पाठवलास. मन लावून लिहिला आहेस. पण त्यात एक माणूस राहून गेलाय. त्याच्यासाठी हे पत्र.

आधी तू जे बरोबर लिहिलंस ते. १९६५ च्या लढाईत परुळकर हंटर हे लढाऊ विमान उडवत होते. खालून गोळीबार झाला, विमानाला मार बसला, उजव्या खांद्याला जखम झाली. लीडरने इजेक्ट व्हायला, म्हणजे विमान सोडून पॅराशूटने उतरायला सांगितलं, पण ते विमान घेऊन तळावर परतले. त्यासाठी वायुसेना पदक मिळालं. तू याला एक ओळ दिलीस. मी तिथेच थांबलो. उजव्या हातात विमान वळवायची स्टिक असते गं. तो हात रक्ताने भरलाय, आणि त्याच हाताने मोडकं विमान धावपट्टीवर टेकवायचंय. माझ्यासारख्या इंजिन फिटरला विचारशील तर परत आणलेलं विमान म्हणजे काय, ते आम्हाला ठाऊक. ते हँगरमध्ये घ्यायचं, उघडायचं, दुरुस्त करायचं, की पुन्हा उडतं.

१९७१ मध्ये ते सुखोई-७ वर होते. त्याच जातीच्या विमानांवर मी विशीत हात काळे केले. एक इंजिन, प्रचंड आवाज, आणि खाली उतरून हल्ला करायचा म्हटलं की इंधन बघता बघता संपायचं. उतरायचं इतकं वेगात की शेपटीतून पॅराशूट सोडावं लागे. ते पडलं की आमची पोरं पळत जाऊन गोळा करायची, झटकायची, घडी घालून पुन्हा भरायची. कारण तासाभरात विमान परत जाणार.

विमान निघण्याआधी फॉर्म ७०० भरायचा असतो. इंजिनवाला, एअरफ्रेमवाला, इलेक्ट्रिकवाला, शस्त्रवाला, प्रत्येकजण आपापलं काम तपासून सही करतो. सगळ्यांच्या खाली पायलटची सही. मग तो शिडी चढतो, आपण मागून चढून त्याचे पट्टे आवळायचे. लाल फिती लावलेल्या सेफ्टी पिना काढायच्या, त्याला मोजून दाखवायच्या. तो मान हलवतो. आपण शिडी काढून घ्यायची.

एका सकाळी आमच्याकडून चार गेली, तीन आली. चौथ्या विमानाच्या फॉर्मवर माझी सही होती. त्या जागेवर शिडी टेकवून मी दुपारपर्यंत उभा होतो. कुणी मला जा म्हणालं नाही. संध्याकाळी सार्जंटनी येऊन शिडी स्वतः उचलली. इंजिनात माझ्याकडून काही राहिलं होतं का, हे मी नंतर कितीतरी रात्री मनात तपासत राहिलो.

१० डिसेंबर १९७१ ला परुळकरांचं सुखोई असंच परत आलं नाही. पॅराशूटने उतरले आणि पकडले गेले. रावळपिंडीच्या छावणीत हवाई दलाचे आणखी अधिकारी होते. तिथून १३ ऑगस्ट १९७२ ला, मध्यरात्र उलटल्यावर तिघे बाहेर पडले: परुळकर, मलविंदर सिंग गरेवाल आणि हरीश सिंहजी. इथवर तुझा निबंध ठीक आहे. ‘तिघांनी भिंत फोडली,’ असं तू लिहिलंस. तिघांनी नाही फोडली गं.

त्या छावणीत कामत नावाचे अधिकारी होते. पाय मोडलेले, प्लास्टरमध्ये. पळण्याचा प्रश्नच नव्हता त्यांचा. त्यांनी सुईला चुंबकत्व देऊन होकायंत्र तयार केलं. दुसऱ्या कुणी जी-सूटच्या, म्हणजे पायलटच्या आवळून बसणाऱ्या पोशाखाच्या, रबरी पिशव्यांमधून पाणी न्यायची सोय केली. रात्री विटांच्या सांध्यातला चुना खरवडला जात होता तेव्हा कुणी पहारेकऱ्यावर नजर ठेवली. ही मंडळी मागे राहणार होती, आणि सकाळी मोजणी झाल्यावर होणारी शिक्षा त्यांच्याच वाट्याला येणार होती. ती आलीही. सगळ्यांना एकेकटं कोंडलं, पुढे लायलपूरच्या तुरुंगात हलवलं. युद्धकैदी पळाला आणि सापडला तर जिनिव्हा करारानुसार त्याला फक्त शिस्तभंगाची शिक्षा देता येते, हे त्यांना ठाऊक होतं. पण कागदावरचा करार आणि बंद कोठडी यात फार अंतर असतं.

मला कामतांचा विचार येतो तेव्हा तो फॉर्म आठवतो. दिशा अचूक दाखवेल असं यंत्र करून द्यायचं, दुसऱ्याच्या हातात ठेवायचं, आणि आपण खाटेवर पडून राहायचं.

एसएसबीत, म्हणजे पुढच्या निवड चाचणीत, तुला ग्राउंडवर फळी, दोर आणि पिंप देतील. सगळ्यांना पुढे होऊन आयडिया सांगायची घाई असते. तू सांग, जरूर सांग, सुचलं तर ओरडून सांग. पण दुसऱ्याची आयडिया चालणार असेल तर फळीचं मागचं टोक दाबून धर, आणि शेवटचा गडी पार होईपर्यंत सोडू नकोस. दाखवायला म्हणून करू नकोस. तिथे बसलेल्यांना ते कळतं, आणि पुढे स्क्वाड्रनमध्ये तर पहिल्याच आठवड्यात कळतं.

आता लंडी खानाची गोष्ट. ती तू गाळलीस. कदाचित पळालेल्या तिघांची चूक वाटली म्हणून. मला उलट तीच सांगावीशी वाटते. भारताची सीमा पूर्वेला, पण तिकडे सैन्य आणि सुरुंग. म्हणून ते पश्चिमेला, अफगाणिस्तानकडे निघाले. बसने पेशावर, पुढे लंडी कोतल. सीमा अगदी टप्प्यात. नकाशात लंडी खाना नावाचं रेल्वे स्टेशन होतं, त्याची वाट त्यांनी विचारली. ते स्टेशन १९३२ मध्येच बंद पडलेलं! चाळीस वर्षांपूर्वी बंद झालेल्या स्टेशनाला कोण जातं? तहसीलच्या माणसाला संशय आला आणि पकडले गेले. तिथे कबिल्यातल्या लोकांच्या हाती जीव गेला असता. परुळकरांनी त्या क्षणी पाकिस्तानी हवाई दलातल्या उस्मान हमीद यांना फोन लावायला सांगितलं. हे त्यांच्या छावणीचे आधीचे प्रमुख, माणुसकीने वागलेले. त्या फोनमुळे तिघे वाचले. सगळं फसलेलं असताना शत्रूच्या बाजूचा भला माणूस कोण, हे आठवायला डोकं किती थंड लागत असेल, विचार कर.

१ डिसेंबर १९७२ ला सगळे वाघामार्गे परतले. परुळकर पुढे एनडीएत बटालियन कमांडर झाले. तुझ्यासारख्या कितीतरी पोरांना त्यांनी घडवलं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये गेले.

आणखी एक नाव तुला सांगितल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे. तेच सुखोई-७, तीच लढाई, परुळकरांच्या पाच दिवस आधी, ५ डिसेंबरला ते पाकिस्तानातल्या शोरकोटवरच्या हल्ल्यातून परतले नाहीत. पकडल्याची बातमी तिकडच्या वर्तमानपत्रात आली, पण सुटून आलेल्यांत ते नव्हते. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे, बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. पुढची कित्येक दशकं त्या कचेऱ्यांचे उंबरे झिजवत राहिल्या, सीमेपलीकडच्या तुरुंगांपर्यंत जाऊन आल्या.

तू लिहिलंस, आई काहीच बोलत नाही, नुसती भांडी घासत राहते. तिला भित्री म्हणू नकोस. तुझ्या फॉर्मवर तिचीही सही लागणार आहे, आणि ती काय तपासून सही करते आहे हे तिला कुणीतरी खरं सांगायला हवं. रविवारी चार वाजता घरी ये. तिला घेऊन ये. आजोबांना नको आणूस, ते मध्येच बोलतात. तिने विचारलं तर मी त्या शिडीचंही सांगणार आहे.

तुझा,
फिटर काका