चाळीस मेल, एकही उत्तर नाही

प्रश्न : ताई, मी एम.एस्सी. ॲनालिटिकल केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे, डोंबिवलीला राहते. युनिव्हर्सिटीत केमिस्ट्रीच्या डेटावर काम करणाऱ्या रिसर्च ग्रुपमध्ये जायचंय. कोडिंग यूट्यूबवर बघून शिकलेय, तेवढंच. प्रोजेक्टला खोबरेल तेलातली भेसळ केली होती, 30 बाटल्या, प्रत्येकीचे तीन आयआर (इन्फ्रारेड) स्कॅन, पायथनमध्ये भेसळ ओळखणारं मॉडेल बसवलं तर 97 टक्के उत्तरं बरोबर आली. चाळीस प्रोफेसरना मेल टाकले, एकाचंही उत्तर नाही. कॉम्प्युटरवाल्या मुलांपुढे माझा निभाव लागेल का?

उत्तर : अगं, चाळीस मेल म्हणजे एकच मेल चाळीस जणांना गेला असणार, आणि तो पहिल्या ओळीतच ओळखू येतो. तीनच ग्रुप निवड. पवईची आयआयटी, माटुंग्याचं आयसीटी (केमिकल टेक्नॉलॉजीची संस्था), कलिन्याची मुंबई युनिव्हर्सिटी, कुणाचं काय काम चाललंय ते वेबसाइटवर बघ, त्यांचे अलीकडचे दोन पेपर नीट वाच, कळलं नाही तर परत वाच, मग लिही.

निभाव लागेल का हे तर मनातून काढूनच टाक. केमिस्ट्रीच्या डेटातून गणिताने अर्थ काढायचं हे शास्त्र केमिस्ट्रीवाल्यांनीच उभं केलंय, त्याला केमोमेट्रिक्स हे नाव दिलं स्वीडनच्या स्वान्ते वोल्ड यांनी आणि 1974मध्ये त्यांनी नि अमेरिकेतल्या ब्रूस कोवाल्स्की यांनी मिळून त्याची आंतरराष्ट्रीय सोसायटी काढली, दोघेही केमिस्ट.

आता तुझे 97 टक्के. मला हा आकडा बघून आनंद नाही झाला, काळजी वाटली. तू 90 स्कॅन एकत्र करून रँडम वाटलेस ना? मग एकाच बाटलीचे दोन स्कॅन ट्रेनिंगला (मॉडेलला शिकवायला) गेले आणि तिसरा टेस्टला (त्याची परीक्षा घ्यायला), म्हणजे मॉडेलने भेसळ ओळखली की बाटली ओळखली हे कळायला मार्गच नाही. परत कर, बाटलीप्रमाणे वाटणी कर, एका बाटलीचे तिन्ही स्कॅन एकाच बाजूला. आकडा खाली येईल, येऊ दे, मेलमध्ये तोच लिही आणि आधीचा का चुकला तेही लिही.

दुसरं, मॉडेल स्कॅनच्या कुठल्या पट्ट्यावर भर देतंय ते उघडून बघ. 1745 cm⁻¹च्या (स्कॅनच्या आडव्या अक्षावरचा आकडा) आसपास देत असेल तर ठीक, तिथे तेलाच्या एस्टरचा कार्बोनिल आहे, म्हणजे तेलाच्या रेणूचाच भाग. पण 2350ला देत असेल तर तो हवेतला कार्बन डायऑक्साइड आहे गं, तेलाचं तिथे काहीच नसतं, बॅकग्राउंड (नमुना न ठेवता घेतलेला स्कॅन) ताजं घेतलं नसेल किंवा स्कॅन चालू असताना कुणी शेजारी उभं राहून श्वास सोडत असेल तरी तो पीक (उंचवटा) हलतो. आणि आपल्या मुंबईत तर शुद्ध तेलाचे स्कॅन डिसेंबरात आणि भेसळीचे जुलैत घेतले असतील तर हवेतली वाफच दोन गट पाडून देईल, मॉडेल पावसाळा शिकेल. नुसतं कोडिंग येणाऱ्याला हे आकडे फक्त कॉलम दिसतात, तू त्या मशीनपुढे बसलेली आहेस, हे तुझ्याकडेच आहे, आणि मेलमध्ये ह्याचाच पत्ता नाही.

मेल एका पानाच्या आत ठेव. त्यांच्या पेपरमधली एक गोष्ट जी तुला खरंच भावली किंवा खटकली, तुझं तेलाचं काम चार ओळींत, दोन ग्राफ, कोडची लिंक, कधीपासून येऊ शकतेस, बस. मार्कशीट, सर्टिफिकेटं मागितली तर द्यायची. पीएचडी करायची असेल तर नेट-गेटचा अभ्यास सोडू नकोस, फेलोशिप पुष्कळदा त्यावरच अडते.

दोन आठवडे थांब, मग त्याच मेलखाली एकदा नम्रपणे आठवण कर. भेटायला बोलावलं तर लॅपटॉपमध्ये कच्चे स्कॅन घेऊन जा, नुसती पीपीटी नको, कारण ते हमखास एखादा वाकडातिकडा स्कॅन उघडून विचारतील, हा असा का आला?