‘पोस्तन्युप्सिआल’ला इंग्रजीत काय म्हणायचं?

तुमचा प्रश्न असा: फ्रान्समधल्या पक्षीगणनेच्या अहवालाचा इंग्रजी अनुवाद करताना ‘मिग्रासियों पोस्तन्युप्सिआल’चं ‘पोस्टनप्शियल मायग्रेशन’ केलं तर चालेल का?

शोधनिबंधात चालून जाईल. पक्षीनिरीक्षक वाचणार असतील तर मात्र खटकेल. फ्रेंचमध्ये स्थलांतराचं नाव विणीवरून पडतं: विणीआधीचं प्रेन्युप्सिआल, नंतरचं पोस्तन्युप्सिआल. इंग्रजीत ते ऋतूवरून पडतं: स्प्रिंग आणि ऑटम (अमेरिकेत फॉल). बहुतेक नोंदींत ही अदलाबदल बिनबोभाट जमते. अडतं ते ग्रीन सँडपायपरसारख्या पाणथळीतल्या पक्ष्यांपाशी. त्याच्या माद्या पिल्लं नरावर सोपवून जूनमध्येच दक्षिणेची वाट धरतात. जूनच्या त्या नोंदीपुढे ‘पोस्तन्युप्सिआल’ अगदी चोख बसतं, पण तिथे ‘ऑटम’ वाचून नवख्या वाचकाला तारीखच चुकली असं वाटेल. अशा जागी मी ‘पोस्ट-ब्रीडिंग मायग्रेशन’ किंवा ‘रिटर्न पॅसेज’ लिहितो. अख्ख्या अहवालात एकच शब्द ठेवायचा हट्ट धरू नका.

याहून फसवा शब्द ‘एस्तिव्हाँ’. शब्दकोश पाहून ‘समर व्हिजिटर’ लिहिण्याचा मोह होतो. पण इंग्रजीत समर व्हिजिटर म्हणजे भिंगरीसारखा उन्हाळ्यात येऊन घरटं करणारा पक्षी. फ्रेंच अहवालात नुसतं ‘एस्तिव्हाँ’ असेल तर तो बहुधा वीण न करता उन्हाळा काढणारा पक्षी असतो, म्हणजे ‘नॉन-ब्रीडिंग समरिंग बर्ड’. शेजारी ‘निशर’, म्हणजे घरटं करणारा, हा शब्द आहे का ते आधी बघा. तो असेल तरच समर व्हिजिटर. इथे चूक झाली तर न झालेल्या विणीची नोंद तयार होते, आणि ती पुढे कुणीतरी खरी धरतो.

‘आल्त मिग्रातुआर’ म्हणजे स्टॉपओव्हर, स्थलांतराच्या वाटेवरचा थांबा. पण शाँपान्यमधल्या लाक द्यु देरसारख्या तलावावर क्रेन (क्रौंच) मोठ्या संख्येने उतरतात, काही हिवाळाभर राहतात. लांबच्या उड्डाणाआधी भरपूर खाऊन चरबी साठवायला पक्षी मुक्काम करत असतील, तर इंग्रजीत त्या जागेला ‘स्टेजिंग साइट’ म्हणतात. फ्रेंचमध्ये दोन्हींना ‘आल्त’ चालतं, त्यामुळे पक्षी किती दिवस थांबले ते मजकुरातून शोधावं लागतं.

बाकीचे पटकन सांगतो. ‘एरातिस्म’ म्हणजे भटकंती: वाँडरिंग किंवा डिस्पर्सल. ‘इरॅटिक’ नको, त्याचा अर्थ लहरी असा होतो. ‘एफेक्तिफ’ म्हणजे संख्या, परिणामाशी त्याचा संबंध नाही. ‘दोर्तुआर’ म्हणजे रातथारा, पक्ष्यांची रात्री झोपायची जागा, इंग्रजीत रूस्ट. आणि ‘अँ व्होल द स्वासाँत ग्र्यु’ म्हणजे साठ क्रेनचा थवा. ‘व्होल’ दिसला की ‘फ्लाइट’ लिहून मोकळे होऊ नका, तिथे ‘फ्लॉक’ हवं.

शेवटी कड्यांचा तक्ता, म्हणजे ओळखीसाठी पायात कडी घातलेल्या पक्ष्यांच्या नोंदी. त्यातला ‘रप्रीझ’ म्हणजे बहुधा मेलेला सापडलेला कडीवाला पक्षी, इंग्रजीत ‘रिकव्हरी’. ‘काँत्रोल’ म्हणजे जिवंत पुन्हा पकडलेला किंवा दुर्बिणीतून कडी वाचलेला, म्हणून नोंदीप्रमाणे ‘रीकॅप्चर’ किंवा ‘रीसायटिंग’. त्या रकान्यावर शब्दशः ‘चेक’ असं शीर्षक दिलंत, तर पक्षी जिवंत होता ही गोष्टच अहवालातून नाहीशी होते.