वाचकांचे प्रश्न : बहुभाषिक संवादाचे शिक्षण कुठे घ्यावे?

प्रश्न : माझ्या मुलीने यंदा कला शाखेतून बारावीची परीक्षा दिली असून जर्मन भाषेची बी-१ ही मध्यम पातळी पूर्ण केली आहे. साहित्यात पदवी घेण्याऐवजी युरोपात उपयोजित भाषांचा अभ्यासक्रम करून अनुवादक किंवा दुभाषी व्हावे, असे तिला वाटते. यंत्रानुवादाच्या काळात हा निर्णय योग्य ठरेल का? (एक पालक, सांगली)

उत्तर : क्षेत्राची निवड योग्य आहे, बारावीनंतर थेट युरोप गाठण्याचा बेत मात्र मला पटत नाही, आणि त्याचे कारण पैशांपेक्षा भाषांशीच अधिक निगडित आहे.

उपयोजित भाषांच्या अभ्यासक्रमात साहित्याला दुय्यम स्थान असते. करारपत्रे, यंत्रांच्या माहितीपुस्तिका, औषधांसोबतची पत्रके असा मजकूर एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेणे, परिभाषेच्या सूची तयार करणे आणि ट्रॅडॉससारखी अनुवादाला मदत करणारी सॉफ्टवेअर हाताळणे हा तिथला रोजचा सराव असतो. जिनिव्हा येथे १९४१ मध्ये दुभाष्यांची शाळा म्हणून सुरू झालेल्या आणि आज तिथल्या विद्यापीठाचा भाग असलेल्या विद्याशाखेत ‘बहुभाषिक संवाद’ याच नावाची पदवी मिळते, तर जर्मनीतील माइन्त्स विद्यापीठाच्या गेर्मर्सहाइम येथील विभागाची परंपरा १९४७ पर्यंत मागे जाते.

अशा शिक्षणात विद्यार्थ्याच्या भाषांची प्रतवारी लावली जाते. दुभाष्यांच्या व्यवसायात मातृभाषेइतकी अवगत असलेली भाषा ‘ए’, सफाईने बोलता येणारी दुसरी भाषा ‘बी’ आणि केवळ पूर्णपणे समजणारी भाषा ‘सी’ मानतात (बी-१ सारख्या परीक्षेच्या पातळ्यांशी या अक्षरांचा संबंध नाही). अडचण अशी की, वरील दोन्ही ठिकाणच्या भाषांच्या यादीत मराठी नाही. म्हणजे आपल्या मुलीची सर्वांत पक्की भाषा तिथे हिशेबातच धरली जाणार नाही आणि इंग्रजी किंवा जर्मन ही आधारभाषा मानून, त्या भाषेत वाढलेल्या मुलांशी तिला बरोबरी करावी लागेल. गेर्मर्सहाइममध्ये परदेशी विद्यार्थ्यांना जर्मन ही परभाषा म्हणून शिकता येते, ही सोय चांगली आहे. परंतु जर्मन माध्यमातील पदवीसाठी सहसा सी-१ या प्रगत पातळीच्या आसपासची तयारी लागते, आणि केवळ बारावीच्या गुणपत्रिकेवर जर्मन विद्यापीठांत सरळ प्रवेश बहुधा मिळत नाही.

म्हणून पदवी भारतातच घ्यावी. दिल्लीचे जवाहरलाल नेहरू विद्यापीठ किंवा हैदराबादचे इंग्रजी आणि परदेशी भाषा विद्यापीठ येथे जर्मनची पदवी घेता येते. प्रवेशापूर्वी अभ्यासक्रमपत्रिका मागवून अनुवादाच्या किती विषयपत्रिका आहेत ते तपासावे, कारण केवळ विभागाच्या नावावरून आत काय शिकवतात हे कळत नाही. पदव्युत्तर शिक्षणासाठी ती युरोपात गेली, तर तोवर जर्मन पक्की झालेली असेल आणि कायदा, वैद्यक की वाहन उद्योग यांपैकी कशात रस आहे, हेही तिला उमगलेले असेल. जर्मनीतील हायडेलबर्ग विद्यापीठाचा विचार असल्यास ते ज्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात आहे तिथे युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांकडून २०१७ पासून दर सत्राला १,५०० युरो शुल्क घेतले जाते, याची नोंद ठेवावी.

यंत्रानुवादाबद्दल आपली शंका रास्त आहे. साधा पत्रव्यवहार आणि उत्पादनांची वर्णने यांसारखी नवशिक्यांच्या हाती पूर्वी येणारी कामे आता यंत्राकडे जात आहेत, आणि हे नाकारणाऱ्या संस्थांच्या जाहिरातींवर मी विश्वास ठेवणार नाही. उरलेले काम जबाबदारीचे आहे : यंत्राने केलेला अनुवाद तपासून दुरुस्त करण्याच्या कामालाही २०१७ पासून आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संघटनेचे १८५८७ हे स्वतंत्र मानक आहे. करारातील एक नकार गळला तर त्याचे उत्तर माणसालाच द्यावे लागते, आणि ती चूक पकडण्यासाठी विषय कळावा लागतो.

मराठी लेखनाचा सराव तिने मुळीच सोडू नये. पुण्याच्या परिसरातील जर्मन कंपन्यांना प्रामुख्याने जर्मन-इंग्रजी जोडीची गरज असली, तरी शासकीय अनुवाद, उपशीर्षके आणि आरोग्यविषयक माहिती यांसाठी इंग्रजीतून चांगल्या मराठीत लिहिणारी माणसे लागतातच, आणि तशी माणसे सहज सापडत नाहीत.

प्रश्न : मी यंत्र अभियांत्रिकीचा पदविकाधारक असून चाकण येथे नोकरी करतो. जपानीची एन-३ ही, पाच पातळ्यांपैकी मधली परीक्षा उत्तीर्ण झालो आहे. अनुवादक होण्यासाठी नोकरी सोडून भाषेची पदवी घ्यावी का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : नोकरी सोडू नये. अनुवाद सेवांच्या आयएसओ १७१०० या मानकानुसार अनुवादाची पदवी, अन्य विषयातील पदवी आणि अनुवादाचा दोन वर्षांचा पूर्णवेळ अनुभव, किंवा पदवीविना पाच वर्षांचा पूर्णवेळ अनुभव, यांपैकी काहीही चालते. आपल्याकडे यंत्रांचे ज्ञान आहे, जे भाषेच्या पदवीधराला मिळवायला वर्षे लागतात. जपानीची ही परीक्षा जुलै आणि डिसेंबरमध्ये होते. आधी एन-२ ही वरची पातळी गाठावी आणि कारखान्यातील जपानी कागदपत्रांचे काम वरिष्ठांकडे स्वतःहून मागून घ्यावे.