तांबी अंगाला मानवत नाहीये, हे कसं ओळखायचं?

तांबी म्हणजेच कॉपर टी गर्भाशयात बसवल्यावर पहिले तीन ते सहा महिने पाळीत रक्त जास्त जाणं, ओटीपोटात कळा येणं, मध्येच डाग पडणं, हे बहुतेकींना होतं. तेवढ्यावरून घाईने काढू नका. पण सहा महिने उलटूनही तासा-दोन तासांनी पॅड बदलावा लागत असेल, रक्ताच्या गाठी पडत असतील, जिना चढताना धाप लागत असेल, तर हिमोग्लोबिन तपासा. आपल्याकडे मुळातच ते कमी असतं आणि "बायकांना एवढं चालायचंच" म्हणत वर्ष निघून जातं.

ताप, घाण वासाचा स्राव, संबंधाच्या वेळी ओटीपोटात दुखणं म्हणजे जंतुसंसर्गाची शंका. बसवल्यापासून पहिल्या तीन आठवड्यांत त्याचा धोका जास्त. तांबीचा योनीत लोंबणारा दोरा हाताला लागत नसेल, एकदम लांब वाटत असेल किंवा कडक प्लॅस्टिक टोचत असेल, तर ती सरकली असावी. सोनोग्राफी होईपर्यंत निरोध वापरा.

पाळी चुकली तर आधी गर्भचाचणी. ती पॉझिटिव्ह असून एका बाजूला दुखत असेल किंवा चक्कर येत असेल, तर थेट हॉस्पिटल गाठा. गर्भ गर्भाशयाऐवजी गर्भनलिकेत असू शकतो.

वजन वाढलं, केस गळाले याचा दोष मात्र तांबीला देऊ नका, तिच्यात हार्मोन नसतात.

स्वतः दोरा ओढू नका. डॉक्टर दोन मिनिटांत काढतात, सरकारी दवाखान्यातही. "अजून थोडं सोसा" म्हणाले तरी काढून मागायचा हक्क तुमचा आहे.