बाईंना विचारा: दाखल्याआधी वही बघा

(सातारा जिल्ह्यातल्या शाळांतून विशेष शिक्षिका म्हणून काम केलेल्या बाई वाचकांच्या पत्रांना उत्तरं देतात. पत्रलेखकांची नावं छापली जात नाहीत.)

बाई, माझा मुलगा गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीत आहे. तोंडी हिशेब चटकन करतो, दुकानात पाठवला तर सुट्टे पैसे बरोबर मोजून आणतो. पण धडा वाचायला सांगितला की घाम फुटतो. गुरुजी म्हणतात, याला साताऱ्याच्या विशेष शाळेत घाला, इथं याचं काही व्हायचं नाही. सासूबाई म्हणतात, अपंगाचा दाखला काढलात तर पोराला जन्माचा शिक्का बसेल. त्यात पुढच्या वर्षी पाचवीची परीक्षा. मी कुणाचं ऐकू? वहीचं एक पान सोबत पाठवते आहे.
— एक आई, खटाव तालुका

ताई, पान पाठवलंत हे फार बरं केलंत. लोक मला चार-चार पानं लिहितात, त्यात मुलगा सोडून सगळं असतं. तुमच्या त्या एका पानावर तो बसलेला दिसतो.

श्रुतलेखन आहे. ‘पाऊस’चं ‘पउस’ झालंय, ‘शाळेत’चं ‘शाळत’. ‘धरण’च्या जागी ‘घरण’. ‘विद्यार्थी’ हा शब्द इतक्यांदा खोडलाय की तिथं कागद फाटलाय. खाली लाल शाईत शेरा आहे, ‘लक्ष देत नाही’. लक्ष न देणारं पोर एका शब्दासाठी कागद फाटेपर्यंत खोडरबर चालवत नाही हो. ते ‘पउस’ असं काहीतरी लिहून खिडकीबाहेर बघत बसतं. काना-मात्रा गळताहेत, ध आणि घ यांची अदलाबदल होतेय, जोडाक्षर आलं की गाडी अडतेय. पण शब्द त्याने नीट ऐकलेत, हे पानच सांगतंय.

आता मी इथं बसून निदान करणार नाही, पत्रावरून कुणी करूही नये. पहिल्यांदा डोळे आणि कान तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं आरोग्य पथक वर्षातून एकदा शाळेत येतं. ते कधी येणार हे मुख्याध्यापकांना विचारा, आणि वेळ असेल तर वाट न बघता ग्रामीण रुग्णालयात दाखवा. चष्म्यावर भागणारं दुखणं आम्ही वर्षभर ‘अभ्यासात मागे’ म्हणून मिरवलेलं पाहिलंय.

डोळे-कान ठीक निघाले तर मुख्याध्यापकांच्या नावे साधा अर्ज करा. भाषा सजवू नका. ‘माझ्या मुलाला वाचन-लेखनात अडचण आहे. त्याची प्रशस्त ॲपवर प्राथमिक पडताळणी करावी आणि गट साधन केंद्रातील विशेष शिक्षकांना कळवावे.’ बस, एवढंच. दोन प्रती काढा आणि एकीवर शाळेचा शिक्का व तारीख घेऊन या. तोंडी बोललेलं उन्हाळ्याच्या सुट्टीबरोबर विसरलं जातं, पोच घेतलेल्या कागदाला मात्र उत्तर द्यावं लागतं. प्रशस्त ही मुलांच्या अडचणी ओळखण्यासाठीची एनसीईआरटीची यादी आहे, ती ॲपवर भरतात; तिचा पहिला भाग वर्गशिक्षकांनीच भरायचा असतो. त्यामुळे गुरुजींना ‘आमच्याकडे सोय नाही’ म्हणता येत नाही. गट साधन केंद्र म्हणजे शिक्षण खात्याचं तालुक्याचं केंद्र, तुमचं वडूजला आहे. विशेष शिक्षकांकडे बऱ्याच शाळा असतात, तेव्हा ते कोणत्या दिवशी तुमच्याकडे फिरतात ते विचारून घ्या आणि त्या दिवशी शाळेत स्वतः हजर राहा.

विशेष शाळेबद्दल म्हणाल, तर निर्णय तुमचा आहे, गुरुजींचा नव्हे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत आणि अध्ययन अक्षमता, म्हणजे बुद्धी ठीक असूनही वाचन, लेखन किंवा गणित अडणं, हा त्यातला एक आहे. दिव्यांगत्व 40 टक्के वा त्याहून जास्त असलेल्या मुलाला वयाच्या 6 ते 18 वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकायचा हक्क आहे. आणि टक्केवारी काहीही निघो, शिक्षण हक्क कायद्याने आठवी पूर्ण होईपर्यंत शाळा त्याला काढू शकत नाही. आपल्याकडच्या विशेष शाळा बहुतेक कर्णबधिर, अंध किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी आहेत. दुकानातून सुट्टे मोजून आणणारा पोरगा तिथं काय करणार?

सासूबाईंना सांगा, दाखला कपाटात राहतो, गळ्यात बांधायचा नसतो. तो काढायचा तर आधी दिव्यांगांसाठीच्या सरकारी स्वावलंबन पोर्टलवर नोंदणी, मग रुग्णालयाची तारीख. अध्ययन अक्षमतेसाठी बुद्ध्यांक चाचणी आणि शैक्षणिक चाचणी अशा दोन्ही लागतात, आणि मूल आठ वर्षांचं झाल्यावरच हे प्रमाणपत्र मिळतं. साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात या चाचण्या कोणत्या वारी होतात, होतात की पुढं पाठवतात, हे फोन करून ठरवा आणि मगच एसटीत बसा. एक दिवसाची मजुरी बुडवून ‘आज डॉक्टर नाहीत’ ऐकणारे आईबाप मी फार बघितलेत. दाखल्याचा खरा उपयोग पुढं दहावीला होतो: तासाला 20 मिनिटं जादा वेळ, गरज असेल तर लेखनिक. आत्ता पाचवीला वार्षिक परीक्षा आहे हे खरं, पण नापास झाला तर पुरवणी परीक्षा असते, त्यात राहिला तरच तो वर्ग पुन्हा. त्याची धास्ती पोराच्या कानावर घालू नका.

मला सांगायचंय ते वेगळंच आहे. दाखला येईल तेव्हा येईल, सोमवारपासून वर्गात काय बदलणार? सगळ्यांसमोर उभं करून मोठ्याने वाचायला लावणं बंद. फळ्यावरून उतरवताना ओळ चुकत असेल तर शेजारच्या मुलाची वही समोर ठेवायची. इतिहास-भूगोलाची उत्तरं तोंडी घ्यायची आणि त्याचेच गुण द्यायचे. यातल्या एकाही गोष्टीला शासन निर्णय लागत नाही, वैद्यकीय मंडळ लागत नाही. विशेष शिक्षक त्याला काय आणि कसं शिकवायचं याचा वैयक्तिक आराखडा करतील, त्यात ‘वाचन सुधारणे’ असलं वाक्य दिसलं तर खोडायला लावा. ‘दिवाळीपर्यंत काना आणि वेलांटी असलेले दोन-तीन अक्षरी शब्द’ असं लिहून घ्या, म्हणजे दिवाळीला विचारता येतं.

माझी मुलगी 9 वर्षांची आहे. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा नसणं) आहे, व्हीलचेअरवर बसते. बोलणं आम्हाला कळतं, परक्याला वेळ लागतो. शाळेत नाव आहे, पण मुख्याध्यापक म्हणतात, आणू नका, गृहाधारित शिक्षण दाखवतो. शाळेला दोन पायऱ्या आहेत आणि एक आखूड रॅम्प, पण त्यावरून खुर्ची चढवायला दोन माणसं लागतात.
— एक वडील, माण तालुका

भाऊ, ‘दाखवतो’ हा शब्द मला आवडला नाही. शिक्षण हक्क कायद्यात 2012 ला दुरुस्ती झाली, तेव्हा तीव्र किंवा बहुविकलांग मुलांना घरी शिकायचा पर्याय मिळाला. पर्याय मुलीच्या बाजूने आहे, शाळेच्या सोयीसाठी नाही. तुम्हाला तो नको असेल तर विषय संपला. हवा असेल तर विशेष शिक्षक घरी कोणत्या दिवशी येणार, काय शिकवणार हे लेखी मागा. आठवड्यातले काही दिवस शाळा, बाकी घर, असंही ठरवता येतं.

रॅम्पचं गणित सोपं आहे: एक फूट चढायला बारा फूट लांबी. तुमच्या शाळेला पायऱ्या दोन, म्हणजे साधारण एक फूट उंची. आणि तुमच्या वर्णनावरून रॅम्प पाच फुटांच्या वर नसावा. तो रॅम्प नव्हे, घसरगुंडी आहे. अशा घसरगुंड्या कागदावर ‘अडथळाविरहित शाळा’ म्हणून जमा असतात. टेपने मोजा, फोटो काढा आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत ठेवा. समितीत पाऊण सदस्य पालकच असतात, तुम्हीही उभे राहू शकता. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. तो कुठे गेला, हे ग्रामसभेत विचारा. गावाला आवडणार नाही, तरी विचारा.

मदतनीस भत्ता आणि प्रवास भत्ता समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून मिळतो, यादी गट साधन केंद्रातून जाते. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) झालं नसेल तर तेवढं मात्र लगेच करा. सेरेब्रल पाल्सीसाठी निरामय आरोग्य विमाही आहे, वर्षाला एक लाखापर्यंत; थेरपीचा खर्च त्यात बसतो. मुलीचं बोलणं समजायला वेळ लागतो म्हणता, तर तुम्हाला कळणाऱ्या तिच्या शब्दांचा एक कागद करून वर्गशिक्षिकेला द्या. पहिल्या दिवशी तिला लघवीला जायचंय हे कुणाला कळलं नाही, तर दुसऱ्या दिवशी ती शाळेत येणार नाही.

आमची दोनशिक्षकी शाळा आहे, माझ्याकडे दोन वर्ग एकत्र. पहिलीत एक मुलगा कानाचं मशीन लावून येतो. विशेष शिक्षक महिन्यातून कधीतरी येतात. मी काय करू?
— एक शिक्षिका, पाटण तालुका

बाई, तुमची तक्रार रास्त आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2021 साली प्राथमिकला 10 दिव्यांग मुलांमागे एक आणि माध्यमिकला 15 मागे एक विशेष शिक्षक असावा असं सांगितलं. पाटणच्या डोंगरातल्या वाड्यांवर विखुरलेल्या मुलांना तो हिशेब कसा बसवायचा, हे कुणी बसून ठरवलं पाहिजे. केंद्रप्रमुखांकडे लेखी मागणी करत राहा.

तोवर तुमच्या हातातलं. त्याची पाठ खिडकीकडे असली तरी चालेल, पण उजेड तुमच्या तोंडावर पडेल तिथं तुम्ही उभ्या राहा, म्हणजे ओठ दिसतील. फळ्याकडे तोंड करून बोलू नका. आवाज चढवू नका, मशीनमधून ओरडणं नुसतं फाटतं. पंखा आणि रस्त्याकडची बाजू टाळा. प्रश्न विचारण्याआधी त्याचं नाव घ्या. ‘कळलं का?’ असं विचारलं की तो मान हलवणारच, त्याऐवजी ‘मी काय सांगितलं?’ विचारा. दप्तरात बॅटरीचा जादा जोड आहे का, हे पालकांना विचारून ठेवा. आणि मशीनमधून शिट्टी वाजू लागली तर ते बिघडलं म्हणून काढून ठेवू नका. पोर वाढतं तसा कान वाढतो आणि कानात बसवायचा साचा सैल होतो. नवा साचा घालून आणायला सांगा, मशीन तेच चालेल.