गडचिरोलीत सरसकट सगळ्यांची सिकलसेलची (लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होणाऱ्या आनुवंशिक आजाराची) तपासणी करणं खर्चाच्या मानाने परवडतं का?

परवडतं, पण पुढचा पाठपुरावा झाला तरच. सोल्युबिलिटी ही प्राथमिक चाचणी थेंबभर रक्तावर, अगदी स्वस्तात होते; मात्र माणूस वाहक (दोष एकाच पालकाकडून आलेला, स्वतः आजारी नसलेला) की रुग्ण हे ती सांगत नाही (सहा महिन्यांच्या आतल्या बाळांत तर भरवशाचीही नाही). त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी प्रयोगशाळेतली चाचणी लागते. खरा खर्च त्यानंतरचा: रिपोर्ट गावात पोचवणं, रुग्णाचा त्रास कमी करणाऱ्या हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या खंड न पडता देणं, लग्नाआधी समुपदेशन. २०२३ च्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी ठरली. गडचिरोली, चंद्रपूरकडे आजाराचं प्रमाण जास्त, म्हणून एक रुग्ण शोधायला चाचण्या कमी लागतात. नुसती तपासणीच्या निकालाची कार्डं वाटून शिबिर उठलं, तर माझ्या मते तो पैसा पाण्यातच.